पित्ताशयाची शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी जायचंय? या चुका टाळा

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर बऱ्याच रुग्णांना त्याच संध्याकाळी घरी सोडता येतं. तरीही अनेकांचा मुक्काम एका रात्रीने लांबतो. पुष्कळदा शस्त्रक्रिया अगदी व्यवस्थित झालेली असते, घोळ झालेला असतो तो आधीच्या तयारीत.

सगळ्यात जास्त अडवते ती मळमळ. गाडी लागते किंवा मागे भूल दिल्यावर उलट्या झाल्या होत्या, हे रुग्ण भूलतज्ज्ञांना सांगतच नाहीत. एवढंसं काय सांगायचं, असं वाटतं. पण मळमळीचा धोका मोजताना भूलतज्ज्ञ चार गोष्टी पाहतात: रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी आहे का, असा पूर्वीचा त्रास आहे का, आणि नंतर अफूवर्गातली वेदनाशामकं लागणार आहेत का. चारही लागू असतील आणि प्रतिबंधक औषध दिलं नाही, तर 10 पैकी साधारण 8 जणांना त्रास होतो. आधी कळलं तर डेक्सामेथासोन, ऑनडान्सेट्रॉन अशी औषधं शस्त्रक्रिया चालू असतानाच देता येतात. म्हणून हे न विचारताही सांगा.

आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणं ही दुसरी चूक. सर्वसाधारणपणे जेवण 6 तास आधी थांबवतात, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. मधुमेह किंवा पचनाची तक्रार असेल तर तुमची वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मग दुखणं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, चुरचुरतं आणि दुखतो मात्र खांदा, बहुधा उजवा. हे आधी माहीत नसेल तर हृदयाचं काही झालं की काय, या भीतीने माणूस घरी जायलाच तयार होत नाही. हे दुखणं सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतं. वेदनाशामक गोळी कळ असह्य होईपर्यंत लांबवू नका, सांगितलेल्या वेळेला घ्या. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र लगेच सांगा.

शक्य असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा. दुपारी उशिरा शस्त्रक्रिया झाली तर भूल उतरून, पाणी पोटात टिकून, चार पावलं चालून लघवी होईपर्यंत रात्र पडते. पहिले 24 तास सोबत राहणारं मोठं माणूसही आधीच ठरवा. ते नसेल तर रुग्णालय सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पित्ताशयाला फार सूज असेल, पोट उघडावं लागलं असेल किंवा आतला स्राव बाहेर काढायला पोटात नळी ठेवली असेल, तर घरी जायचा हट्ट धरू नका. घरी गेल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात परत जा. त्यासाठी रात्री उचलला जाणारा फोन नंबर निघण्यापूर्वीच लिहून घ्या.