मोगऱ्याचा बहर धरताना: ताण, छाटणी आणि कळ्यांच्या तक्रारी

मोगऱ्याचा मुख्य बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, परंतु तो कसा येईल हे दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांतच ठरत असल्याने बागेतील महत्त्वाची कामे आताच हाती घ्यावीत. झाड हिरवेगार आहे पण कळी धरत नाही, ही तक्रार पालघरच्या बागायतदारांपासून गच्चीवर कुंडी ठेवणाऱ्यांपर्यंत सर्वांकडून ऐकू येते आणि बहुतेक वेळा तिचे कारण खताच्या कमतरतेपेक्षा वर्षभर अखंड दिलेल्या पाण्यात सापडते.

नोव्हेंबरपासून पाणी टप्प्याटप्प्याने कमी करून बागेला ताण द्यावा. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत वेळ लागतो. म्हणून ठरावीक दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे लक्ष ठेवावे आणि पाने मलूल होऊन गळू लागली की ताण पुरेसा झाला असे समजावे. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये जमिनीपासून सुमारे 45 ते 50 सेंटिमीटर उंचीवर धारदार कात्रीने छाटणी करावी, वाळलेल्या, रोगट व आत वाढणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावावी. फूल नव्या फुटव्यांवर येत असल्याने छाटणीत हात आखडता घेऊ नये. जुन्या लाकडाचा मोह धरणाऱ्यांच्या बागेत दरवर्षी कळ्या विरळच राहतात.

छाटणीनंतर झाडाभोवतीची आळी खणून प्रत्येक पूर्ण वाढलेल्या झाडास 10 किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. वर्षाला झाडामागे 60 ग्रॅम नत्र, 120 ग्रॅम स्फुरद व 120 ग्रॅम पालाश अशी मात्रा धरून तिचा निम्मा हिस्सा आता आणि उरलेला जून-जुलैमध्ये द्यावा. नुसता युरिया टाकत राहिल्यास लुसलुशीत पाला वाढतो आणि रसशोषक किडींचे फावते.

पाने पिवळी पडली की लगेच खताचे पोते उघडण्याची सवय सोडून पिवळेपणा कोठून सुरू झाला हे आधी पाहावे. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी होऊन शिरा मात्र हिरव्या राहत असतील तर ती लोहाची कमतरता असते आणि चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. अशा वेळी 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून उन्हे उतरल्यावर फवारावे व लक्षणे जाईपर्यंत महिन्याच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी. खालची जुनी पाने सर्वत्र सारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडत आहे. संपूर्ण झाडच मरगळले असेल तर बुडाजवळची माती बाजूला करून पाहावी: खोडावर पांढरे बुरशीचे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसल्यास ती बुडकुज आहे. असे झाड मातीसकट उपटून नष्ट करावे, पाण्याचा निचरा सुधारावा आणि शेजारच्या झाडांच्या आळ्यांत शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळावी.

कळ्या जांभळट होऊ लागल्या की त्या उकलून पाहिल्याशिवाय औषध ठरवू नये. कळीला छिद्र असून आत काळसर डोक्याची हिरवट अळी सापडली, किंवा शेजारच्या कळ्या जाळीने जोडलेल्या दिसल्या, तर ती कळी पोखरणारी अळी होय. कळीचे बूड फुगून ती खुरटलेली राहिली आणि आत बारीक पांढुरक्या अळ्या दिसल्या तर तो कळीमाशीचा उपद्रव आहे. कळीमाशीच्या अळ्या जमिनीत कोषात जात असल्याने झाडाखालची माती वरवर हलवत राहावी. दोन्ही किडींसाठी बाधित कळ्या रोज वेचून जाळाव्यात व 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. मोगरा देवाला वाहिला जातो आणि केसांतही माळला जातो, म्हणून बहरात रासायनिक कीटकनाशक शक्यतो टाळावे. फारच गरज भासल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरावे आणि लेबलवरील प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांमधील दिवस) संपेपर्यंत फुले विक्रीस पाठवू नयेत.

एप्रिलच्या उन्हात पानांवर फिकट ठिपके पडून खालच्या बाजूस बारीक जाळी दिसल्यास तो लाल कोळी समजावा आणि पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात, तेही सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारावे, कारण कडक उन्हात गंधकाने पाने करपतात.

कुंडीतील मोगऱ्याला दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. मुळांनी कुंडी भरून गेली असेल तर छाटणीबरोबरच बाहेरची मुळे थोडी कापून नव्या मातीत झाड पुन्हा लावावे आणि नवी फूट दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे.