वावरात पक्कं हाइड बसवायचंय? खान्देशच्या उन्हात टिकेल असं कसं घ्यायचं

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी लपून बसायला फायबरचे नाहीतर जाड प्लास्टिकचे बंद खोके, म्हणजे हाइड, मिळतात, चारही बाजूंनी बारीक खिडक्या आणि खाली पाच-दहा फुटी स्टँड. त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडची बरीच पोरं विचारतात की भाऊ, असं काही जळगाव-धुळ्याला मिळतं का. आधी एक क्लिअर करून टाकू, शिकारीसाठी विचारत असाल तर पुढं वाचू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे आणि शिकारीच्या व्याख्येत नुसतं आमिष टाकणं पण येतं. रोही (नीलगाय) नाहीतर रानडुकरांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडं भरपाईचा अर्ज करता येतो, तो करा. पण पक्ष्यांच्या फोटोसाठी, नाहीतर रात्री राखणीला बसायला पक्कं हाइड पाहिजे असेल तर वस्तू तीच आहे आणि ती घेताना डोकं चालवावं लागतं.

तिकडच्या रेडनेक कंपनीचं फायबरचं किंवा बँक्स कंपनीचं रोटोमोल्ड (पाण्याच्या टाकीसारख्या) प्लास्टिकचं हाइड इकडं मागवायच्या नादी लागू नका, एवढा मोठा खोका जहाजाने आणायचं भाडंच परवडणार नाही आणि ते थंडी-बर्फासाठी बनवलेलं आहे, भुसावळच्या ४५ डिग्रीसाठी नाही. आपल्यासाठी सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे सोसायटीच्या गेटवर असते ती एफआरपीची, म्हणजे फायबरची, वॉचमन केबिन. ४ बाय ४ आणि ४ बाय ६ फूट हे माप सर्रास मिळतं, उंची ७ फुटांच्या आसपास. एकट्यासाठी ४ बाय ४ चालतं, पण ट्रायपॉड आणि सोबत दुसरा माणूस असेल तर ४ बाय ६ च घ्या, नाहीतर दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात आणि तासाभरात भांडण होतं. नंदुरबार, नवापूर साइडचे असाल तर सुरतचे भाव पण काढा. फक्त तयार पीस उचलू नका, त्याला मोठ्या काचा असतात आणि बाहेरून पांढरा चकचकीत जेलकोट (फायबरवरचा रंगीत थर) असतो, तित्तर सोडा, साळुंकी पण जवळ येणार नाही. ऑर्डर देतानाच सांगा की काचा नको, खिडक्यांचं कटिंग आमच्या मापाने, बाहेर मॅट मातकट रंग आणि आत काळा मॅट. आत काळं यासाठी की उजेड परत फिरत नाही आणि तुमची हालचाल बाहेर दिसत नाही.

आता काळं म्हटलं की उन्हाचा प्रश्न येतोच, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की खान्देशात हाइड घेताना भिंतीआधी छप्पर, खिडकी आणि पाया बघायचा. डीलर भिंतीची जाडीच सांगत बसतो. एकेरी पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या छपराखाली एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर बसवत नाही. डबल स्किन घ्या, मध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला, आणि त्याच्या वर चार-सहा इंच फट सोडून दुसरा पत्रा, पांढऱ्या रंगाचा. वरच्या पत्र्याखालून हवा खेळली की खालचं छप्पर तापत नाही. पांढरं छप्पर पक्ष्यांना दिसेल अशी भीती असेल तर वर पऱ्हाटीच्या काड्या टाका, कापूस निघाल्यावर त्या कुठंही मिळतात. भिंतीत वरच्या बाजूला समोरासमोर दोन व्हेंट पाहिजेत, जाळी लावलेले. जाळी नसेल तर पावसाळ्यानंतर आत गांधीलमाशीचं पोळं ठरलेलं.

प्लास्टिक की फायबर, तर दोन्ही चालतं पण स्वभाव वेगळा आहे. पाण्याच्या टाकीवाल्या प्लास्टिकचं हाइड आपटलं तरी फुटत नाही, हलकं असतं, पण ते उन्हात भलतं फुगतं. दोन मीटरच्या भिंतीत तापमान तीस डिग्री वाढलं तर आठ-दहा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी सरकणारी खिडकी दुपारी जाम होते आणि बोल्टचं भोक टाइट असेल तर तिथूनच चीर जाते. म्हणून प्लास्टिक घेतलं तर बोल्टची भोकं लांबट पाहिजेत आणि माल यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर खराब न होणारा) आहे हे बिलावर लिहून घ्या. फायबर एवढं फुगत नाही, खिडक्या नीट बसतात, रिपेअर गावातल्या गावात होतो. पण स्वस्तात बनवलेल्या फायबरचा जेलकोट उन्हाने उडतो, मग आतले काचेचे धागे वर येतात आणि हात लागला की खाज सुटते. आयसो रेझिन (ऊन-पाण्यात जास्त टिकणारं) वापरलंय का ते विचारा.  मला विचाराल तर फायबर. प्लायवूडचं बोलूच नका, आपल्याकडची उधई त्याचा फडशा पाडते.

खिडकीत लोक सगळ्यात जास्त फसतात. सरकणारी काच खरखर वाजते आणि तेवढ्या आवाजाने पाणवठ्यावरची पखुर्डी उडून जाते. फोटोसाठी काच नकोच, आडवी चीर ठेवा, आठ-दहा इंच उंच, वरून रबरी पट्टीवर बसणारी झडप आणि आतून काळ्या कापडाचा पडदा, लेन्सपुरती फट असलेला. उंची ठरवायची असेल तर आधी स्वतःची खुर्ची ठेवून बसा, डोळ्याची लेव्हल मोजा आणि ते माप कारागिराला द्या. पाणपक्ष्यांसाठी अजून एक खालची खिडकी पाहिजे, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, चटईवर पडून फोटो काढायला. हतनूरच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात चक्रवाक येतात, ते वरून काढले तर बदक डबक्यात ठेवल्यासारखे दिसतात, पाण्याच्या लेव्हलला लेन्स गेली की फोटोला जीव येतो. मुख्य खिडकी शक्यतो उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून असतो, तो तुमच्या पाठीशी राहतो. दार मागच्या बाजूला, आतून कडी लागणारं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपडा पट्ट्यात बिबट्या फिरतो त्यामुळे कडी हलकी नको.

पाया. मे-जूनच्या वावधानात रावेरकडच्या केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते सगळ्यांनी बघितलंय. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा ६ बाय ७ फुटांच्या भिंतीवर साधारण १८०-२२० किलोचा रेटा येतो, आणि ४ बाय ६ ची हलकी केबिन स्वतः त्यापेक्षा फार जड नसते, म्हणजे नुसती ठेवली तर शेजारच्या वावरात सापडेल. त्यात आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, साध्या खुंट्या एका वर्षात ढिल्या पडतात. चारही कोपऱ्यांना तीन-चार फूट खड्डा घ्या, काळी माती काढून मुरूम ठोकून भरा, काँक्रीटमध्ये जीआय पाइप गाडा आणि केबिनची फ्रेम त्याला बोल्टने आवळा. बोल्ट स्टेनलेसचे. राखणीसाठी उंच स्टँडवर बसवायचं असेल तर स्टँडचं ड्रॉइंग फॅब्रिकेटरवर सोडू नका, तिरके ताण चारही बाजूंना मागा, आणि शिडीला कठडा.

जागा स्वतःची असेल तर ठीक. जंगलात किंवा धरणाच्या सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय ठेवलं तर उचलून नेतील, अभयारण्यात तर फोटोला पण परमिट लागतं. तोरणमाळ-शहादा साइडला रानपिंगळ्यासाठी (छोटं दुर्मिळ घुबड) हाइड टाकू म्हणणारे भेटतात, १९९७ ला शहाद्याजवळ तो परत सापडला तेव्हापासून त्याची क्रेझ आहे, पण तो दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो, त्याला हाइड लागतच नाही. आणि घरट्यासमोर कुठलंच हाइड नको.

पैसे देताना भाव वाहतूक आणि उतराईसकट ठरवा. गाडी बांधापर्यंत येते का, की हायवेवरच टाकून जाणार, हे आधी विचारा, कारण तिथून पुढं ट्रॅक्टर आणि सहा माणसं तुमचीच लागतात. पूर्ण पेमेंट खिडक्या आणि दार उघडझाप करून बघितल्यावर, तेही दुपारी दोन वाजता. ऑर्डर दिवाळीच्या बरीच आधी द्या, म्हणजे ऑक्टोबरअखेर हाइड जागेवर येतं आणि पक्ष्यांची गर्दी व्हायच्या आत दोन-तीन आठवडे ते तिथं नुसतं उभं राहू शकतं, त्या काळात आत कुणी बसायचं नाही.