ट्रकचे चाक स्वतः बदलताना

टायरचे दुकान दूर असलेल्या वस्तीत ट्रकचे पंक्चर झालेले चाक उतरवून स्टेपनी चढवणे दोघांना नीट जमू शकते. टायर रिमवरून काढून नवा बसवणे हे मात्र वेगळे काम आहे. ट्रकच्या टायरमध्ये साधारणतः १०० ते १२० पीएसआय हवा असते आणि जीवघेणे अपघात बहुधा तिच्यामुळेच होतात, म्हणून आपण कोठे थांबणार हे ठरवूनच पाना हाती घ्यावा.

गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. रिम लॉक रिंगची (टायर सुट्या लोखंडी कड्याने अडवून धरणारी) असेल किंवा तडकल्याची शंका असेल, तर नटांना हात लावण्यापूर्वी व्हॉल्व्हमधील पिन काढून सगळी हवा सोडावी. मागील जोडचाक असल्यास दोन्ही टायरांची. त्यानंतर चाक टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत. काही ट्रकांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे नट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी आटे पाहावेत. मऊ मातीत जॅक खचतो, म्हणून त्याखाली जाड, रुंद फळी घालून तो ॲक्सलखाली लावावा, आणि गाडी उचलल्यावर भक्कम टेकू दिल्याशिवाय खाली हात घालू नये. रिमसह चाकाचे वजन १०० किलोच्या आसपास जाते, तेव्हा ते जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेच उचलावे आणि पहारीच्या आधाराने सरकवावे.

रिममध्ये टायर बदलायचाच असेल, तर टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला साबणाचे पाणी लावावे. डिझेल किंवा ग्रीस रबर खराब करते. कड बसवण्यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे पेटवण्याची युक्ती काही जण मोठ्या कौतुकाने सांगतात, पण तिने टायर फुटून माणसे मेली आहेत. नेमलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेल्या टायरच्या बाजूतील पोलादी तारा आतून थकलेल्या असू शकतात आणि पुन्हा हवा भरताना ती बाजू अचानक फाटते. असा टायर आतून तपासल्याशिवाय भरू नये. लॉक रिंगच्या रिममध्ये, उडणारे तुकडे अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याबाहेर हवा भरूच नये. पिंजरा नसेल, तर हे काम दुकानावरच सोपवावे. एका फेरीचा वेळ वाचवण्यासाठी इतका धोका पत्करणे मला पटत नाही.

चाक चढवण्यापूर्वी हब आणि रिमचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करावेत, कारण तेथील गंज किंवा रंगाचा थर दबला की नट सैल पडतात. जोडचाकाचे दोन्ही टायर समान मापाचे व सारखेच झिजलेले असावेत, अन्यथा मोठ्या टायरवर जास्त भार येतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. दहा बोल्टच्या अनेक चाकांना ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा अधिक आवळ लागतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस पूर्ण भार टाकतो, तेव्हा साधारण तितका मिळतो. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत.