फलकावरचे दहा लाख आहेत कुठे? सरकारी पैशाचा माग काढताना या चुका टाळा

गावाच्या वेशीवर फलक लागतो: '२५१५ निधीतून गावांतर्गत रस्ता काँक्रिटीकरण, मंजूर रक्कम १० लाख'. २५१५ म्हणजे सरकारी हिशेबातला ग्रामविकासाचा खाते-क्रमांक. खाली हात जोडलेले दोन-तीन नेते. वर्ष उलटतं, फोटोंचा रंग उडतो, रस्त्यावर खडी पडत नाही. मग पारावर निकाल लागतो: पैसे खाल्ले. खाल्लेही असतील, तसं होतच नाही असं म्हणायला कुणी धजणार नाही. पण पुष्कळदा खायला पैसे खाली उतरलेलेच नसतात. ते वर कुठेतरी अडलेले असतात आणि आपण भलत्याच दारावर थापा मारत बसतो. ग्रामसेवकाला शिव्या, ठेकेदाराला शिव्या, आणि ज्या टेबलावर फाइल पडून आहे तिकडे कुणी फिरकतच नाही.

सरकारी पैशाला टप्पे असतात. अर्थसंकल्पात तरतूद, विधिमंडळाची मंजुरी, कामाला प्रशासकीय मान्यता, निधीचं वितरण, प्रत्यक्ष काम, देयक, कोषागार, हिशेब, लेखापरीक्षण. तक्रार करण्याआधी 'पैसा आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे?' एवढं विचारलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. ते न विचारल्यामुळे ज्या चुका होतात, त्या अशा.

तरतूद झाली, म्हणजे पैसे आले

राज्याचा महसूल आणि राज्याने काढलेलं कर्ज एकत्रित निधीत जमा होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार तो उभा राहतो आणि विधिमंडळाच्या परवानगीशिवाय त्यातून छदामही काढता येत नाही. अर्थसंकल्प मंजूर होणं म्हणजे ही परवानगी मिळणं: या बाबीवर, या वर्षात, जास्तीत जास्त इतके. ती मर्यादा आहे, कुणी बाजूला काढून ठेवलेली रक्कम नव्हे. पैसे वर्षभर येत राहतात. जीएसटी, मुद्रांक शुल्क, केंद्राकडून मिळणारा वाटा, कर्ज. ते येतील त्या अंदाजाने वित्त विभाग खात्यांना निधी सोडतो.

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे ४ मे २०२० चा शासन निर्णय. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर झालेला, छापलेली पुस्तकं टेबलावर, आणि कोरोनामुळे वित्त विभागाने सांगून टाकलं की त्या वर्षी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल. तरतूद कागदावर होती तेवढीच राहिली. ते वर्ष अपवादाचं होतं हे खरं, पण टक्के ठरवून निधी सोडायची पद्धत अपवादाची नाही, ती दरवर्षीची आहे.

खात्यांना सोडलेल्या निधीची नोंद 'बीम्स' या प्रणालीत होते. सरकारी कार्यालयात मात्र तोंडी शब्द एकच: 'बीडीएस आली का?' ही वितरणाची पावती जोवर निघत नाही तोवर खालच्या अधिकाऱ्याला त्या पैशातून एक खुर्चीसुद्धा घेता येत नाही, अर्थसंकल्पात काहीही लिहिलेलं असो.

मान्यतेचा जीआर हातात आहे, म्हणजे काम पक्कं

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, आणि फसवणारेही इथेच फसवतात. त्यामुळे इथे जरा थांबू.

शासन निर्णय हातात आला की आधी त्याचा विषय शब्दन् शब्द वाचा. शेवटी 'प्रशासकीय मान्यता देण्याबाबत' असं असेल तर अर्थ एवढाच की हे काम करायला सरकारची तत्त्वतः हरकत नाही. 'निधी वितरित करण्याबाबत' असं असेल तर पैसे हलले. दोन्ही कागदांवर तीच राजमुद्रा, तशीच सही, खाली तसाच संगणक संकेतांक. पत्रकार परिषदेत पहिला कागद दुसऱ्याच्या थाटात फडकवला जातो, आणि बातमी होते 'तालुक्याला पाच कोटींचा निधी'.

मग शेवटचे परिच्छेद वाचा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. एक, 'हा निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये' अशा अर्थाची ओळ. ती असेल तर वित्त विभागाने तो प्रस्ताव पाहिला आहे. ती नसली म्हणून निर्णय खोटा ठरत नाही, काही अधिकार विभागांनाच दिलेले असतात. पण मोठ्या रकमेच्या निर्णयात ती दिसत नसेल तर विचारायला हवं. दोन, खर्च कुठून भागवायचा ते सांगणारं वाक्य: मागणी क्रमांक (खात्याच्या खर्चाचा जो गट विधिमंडळ मंजूर करतं त्याचा क्रमांक), लेखाशीर्ष (खर्च ज्या बाबीखाली लिहायचा तिचा सांकेतिक आकडा), आणि 'सन अमुकच्या मंजूर तरतुदीतून भागवावा'. तरतुदीचा उल्लेखच नसेल किंवा 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं मोघम असेल, तर फलक लावायची घाई करू नये.

मान्यता आणि तरतूद यांतली दरी हाच राज्यातल्या कंत्राटदारांच्या थकीत बिलांचा उगम आहे. १०० रुपयांच्या कामांना मान्यता आणि त्या वर्षाची तरतूद १५-२० रुपये, असं गणित असलं की कार्यारंभ आदेश निघतात, कामं होतात, मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि देयकं रांगेत उभी राहतात. पुढच्या वर्षाची तरतूद मागच्या बिलांत जाते, तरी नवी मान्यता थांबत नाही. यात दर वेळी भ्रष्टाचारच असतो असं नाही. आमदाराला काम दाखवायचं असतं, खात्याला आमदाराला दुखवायचं नसतं.

लेखाशीर्ष म्हणजे बाबूंचे आकडे

उलट सामान्य माणसाच्या हाती लागणारी सगळ्यात कामाची किल्ली तीच आहे. सगळे आकडे पाठ करायची गरज नाही, पहिला अंक पुरतो. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, म्हणजे पगार, दुरुस्ती, अनुदानं असा रोजचा. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभारण्याचा. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज आणि आगाऊ रकमा. ८ म्हणजे आकस्मिकता निधी (अचानक खर्चासाठीचा) किंवा लोकलेखा (ठेवींसारखा, सरकारने नुसता सांभाळलेला पैसा). २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ३०५४ आणि ५०५४ दोन्ही रस्ते व पूल, पण ३०५४ महसुली आणि ५०५४ भांडवली. गावोगावचे पुढारी '३०५४ मधून टाकलाय' असं सहज बोलून जातात. डांबरीकरण मोठं आणि शीर्ष ३०५४ असेल तर कामाचं अंदाजपत्रक मागून बघावं; नवं काम आहे की दुरुस्तीच, ते कळतं.

२५१५ ची गंमत वेगळी. गावात सिमेंटचा रस्ता उभा राहतो, डोळ्यांना दिसतो, पण शीर्षाचा पहिला अंक २, म्हणून राज्याच्या हिशेबात तो महसुली खर्च. त्यामुळे केवळ महसुली आणि भांडवली खर्चाचे आकडे लावून 'राज्य विकासावर खर्चच करत नाही' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. उलटा निष्कर्षही तितकाच धोक्याचा.

'तिकडे पैसे पडून आहेत, तर इकडे वळवा ना' ही मागणी ग्रामसभेत नेहमी होते. खातं असं वळवू शकतं, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, पण एकाच मागणीच्या आत. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, महसुलीतून भांडवलीत किंवा दत्तमत (विधिमंडळात मतदान होणाऱ्या) रकमेतून भारित (मतदान न लागणाऱ्या) रकमेत पैसे वळवता येत नाहीत. त्यासाठी पुरवणी मागणी लागते आणि ती विधिमंडळातच मंजूर व्हावी लागते.

आकडा खरा, तुलना खोटी

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका बाबीपुढे चार रकमा असतात. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अंदाज. सरकार बहुधा अंदाजाची अंदाजाशी तुलना करतं, कारण वाढ छान दिसते. तुम्ही प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघा. एखाद्या योजनेला दरवर्षी ५० कोटींची तरतूद आणि प्रत्यक्षात १२ कोटी खर्च असेल, तर पुढची तरतूद ७५ कोटी झाली म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

तुटीचंही तसंच. १० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी होती. सत्ताधारी पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. पहिला सांगतो की रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नात भागत नाही. दुसरा सांगतो की वर्षाचा सगळा खर्च धरला तर उसनवारीने किती भागवायचं आहे.

पुरवणी मागण्यांच्या बातम्या तर हमखास अर्धवट असतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७,५१० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, पण निव्वळ भार सुमारे ४०,६४५ कोटींचा होता. मधला फरक म्हणजे समायोजन (हिशेबातली नुसती जुळवाजुळव), केंद्राकडून येणारी रक्कम वगैरे. ५७ हजार कोटींचा नवा खर्च, असा मथळा त्यामुळे चुकतो. अर्थात मार्चमध्ये अर्थसंकल्प आणि जून संपता संपता एवढ्या पुरवण्या, हा मूळ अर्थसंकल्पावरचा ताशेरा आहेच.

कोषागाराला दोष देणं

कोषागार आपल्या मर्जीने पैसे देत किंवा नाकारत नसतं. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (कार्यालयाच्या वतीने पैसे काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने) पाठवलेलं देयक, त्यामागचं अनुदान आणि कागदपत्रं तपासून ते देयक पारित करतं किंवा त्रुटी लिहून परत करतं. बिल अडलं असेल तर 'त्रुटी काय लिहिली?' हे संबंधित कार्यालयालाच विचारा.

३१ मार्चला खर्च झाला, म्हणजे काम झालं

न खर्चलेला निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे तो वापरायची परवानगी संपते, म्हणून मार्चअखेर रात्री उशिरापर्यंत देयकं सादर होतात. यातली काही रक्कम स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे लोकलेख्यातल्या ठेव खात्यात वळवली जाते. कागदोपत्री खर्च झालेला असतो, पैसा सरकारातच पडून असतो. कॅगचे, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल यावर वर्षानुवर्षं बोट ठेवत आले आहेत. जिल्हा परिषदेची गोष्ट थोडी निराळी: जिल्हा नियोजन समितीकडून मिळालेला निधी खर्चायला तिला पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत मुदत असते. त्यामुळे एप्रिलमध्ये 'निधी परत गेला' अशी आवई उठवण्याआधी काम जिल्हा परिषदेचं की बांधकाम खात्याचं, हे बघून घ्यावं.

सगळे पैसे एकाच नळाने येतात असं धरणं

पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान केंद्राकडचं. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. अट अशी होती की संस्था निवडून आलेली हवी. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक बसले आणि त्यांचा वाटा अडकला. तो पालकमंत्र्यांकडे मागून मिळणारा नव्हता.

कॅगने आक्षेप घेतला, म्हणजे घोटाळा

उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) प्रलंबित असणं किंवा संक्षिप्त देयकावर (तपशील नंतर देण्याच्या बोलीवर) काढलेल्या रकमेचं तपशीलवार देयक न देणं, याचा अर्थ हिशेब मिळालेला नाही. पैसे चोरले, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि चोरले नाहीत, असाही होत नाही. अहवाल विधिमंडळात मांडला जातो, लोकलेखा समिती खात्यांच्या सचिवांना बोलावते. ही वाट लांबची आहे. गावातल्या एका रस्त्यासाठी ती धरू नका.

मग काय मागायचं?

माहितीच्या अधिकारात 'रस्त्याचं काम का झालं नाही?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'का हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही'. कागद मागा: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता, निधी वितरणाचा आदेश आणि बीडीएसची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयकाची तारीख आणि कोषागाराचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक. यातला पहिला कागद जो मिळणार नाही, तिथे पैसा अडलेला आहे. सगळे मिळाले आणि रस्ता मात्र नाही, तर पारावरचा निकाल बरोबर होता.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये. म्हणून बांधकाम उपविभागाला एक अर्ज आणि प्रमाणक क्रमांक हाती आला की कोषागाराला दुसरा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.