पॅचनंतर रीबूटला अडकलेला सर्व्हर: रीसेट दाबण्याआधी

मुंबईत बँका आणि ब्रोकर कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये नवीन माणूस आला की लवकरच त्याच्या वाट्याला शनिवार रात्रीचं पॅचिंग येतं. मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे विंडोजमधल्या चुका दुरुस्त करणारे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामाच्या सर्व्हरना, हात लावायचा तो बाजार बंद असताना, कारण सोमवारी सव्वानऊला सगळं सुरू हवं. अशा वेळी एखादा सर्व्हर अर्धा तास पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देत नाही आणि नवख्याचा हात रीसेटकडे जातो. विंडोज पॅचच्या फायली लिहीत असताना रीसेट मारला तर कंपोनंट स्टोअर (विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा साठा) बिघडू शकतं, आणि दहा मिनिटांचं काम बॅकअप रिस्टोअरवर जातं.

पिंग फक्त नेटवर्कचं सांगतं. आधी कन्सोल, म्हणजे त्या मशीनचा स्वतःचा स्क्रीन, उघडा. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरला जाऊन उपयोग नाही, हे सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहेत (एका मोठ्या होस्टवर सॉफ्टवेअरने चालणारे), आणि त्यांचा स्क्रीन व्हीसेंटरमध्येच, म्हणजे व्हीएमवेअरच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्येच दिसतो. तिथली परवानगी पॅचिंगच्या आधी तपासून ठेवा, रात्री दोनला ती मागत बसू नका. कन्सोलवर बघायचं एकच: मशीन बंद होताना अडकलंय, पॅच बसवताना, की चालू होताना? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बंद होताना अडकलं असेल तर बहुतेक वेळा एखादी सर्व्हिस थांबत नसते. डेटाबेस, बॅकअप एजंट आणि अँटीव्हायरस हे नेहमीचे संशयित. शेजारच्या सर्व्हरवरून टास्कलिस्ट (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) चालत असेल तर अडकलेली प्रोसेस दुरूनच मारता येते. ट्रस्टेड इन्स्टॉलर मात्र मारू नका, पॅच बसवणारा तोच आहे.

'गेटिंग विंडोज रेडी' दिसत असेल, म्हणजे पॅच बसत असेल, तर व्हीसेंटरमध्ये परफॉर्मन्सचा रिअल-टाइम आलेख उघडा. त्यात दर २० सेकंदांचा नमुना असतो. डिस्कवर लिहिणं चालू असेल तर थांबा. सर्व्हर २०१६ला मोठ्या पॅचसाठी तासभर लागणं नवल नाही. चार व्हीसीपीयूच्या (व्हर्च्युअल प्रोसेसरच्या) मशीनचा सीपीयू २५ टक्क्यांवर सरळ रेषेत आणि डिस्क अर्धा तास शून्यावर असेल, तर एक व्हीसीपीयू लूपमध्ये फिरतोय असं समजा. सीपीयू आणि डिस्क दोन्ही शून्यावर असतील तर आधी डेटास्टोअर (मशीनच्या डिस्क जिथे साठवतात ती जागा) बघा. पॅचआधी घेतलेला स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठी जपलेली मशीनची स्थिती) पॅचिंगमध्ये भराभर वाढतो, जागा संपते, ईएसएक्सआय (होस्टवरचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) मशीन थांबवून व्हीसेंटरमध्ये प्रश्न विचारतं आणि मशीन उत्तराची वाट बघत बसतं. जागा करून 'रिट्राय' दिलं की मशीन पुढे सरकतं.

चालू होताना, गोल ठिपके फिरत राहिले तर मशीन किती दिवस चालू होतं ते विचारा. जुन्या ईएसएक्सआयवर काही महिने सलग चाललेली विंडोज मशीन्स साध्या रीबूटला इथेच अडकायची. प्रोसेसरचा टाइम स्टॅम्प काउंटर (वेळ मोजणारा आकडा) रीबूटमध्ये शून्यावर येत नसे, हे कारण. पूर्ण पॉवर ऑफ करून पुन्हा ऑन केलं की मशीन उठायचं. यात पॅचचा काही दोष नव्हता. म्हणूनच पॅच लावण्याआधी एक रीबूट करून घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. आधीपासून दडलेला बिघाड तेव्हाच कळतो आणि पॅचवर उगाच खापर फुटत नाही.

पॅचच दोषी असल्याचंही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२३चा केबी ५०२२८४२ हा पॅच लावलेली सर्व्हर २०२२ मशीन्स सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या फायलींनीच मशीन सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना ईएसएक्सआय ७.०वर उठेनात, आणि तीही पहिल्या रीबूटला नाही, दुसऱ्या. व्हीएमवेअर डॉट लॉग या मशीनच्या नोंदींच्या फायलीमध्ये 'इमेज डिनाइड' दिसायचं. तात्पुरता उपाय सिक्युअर बूट बंद करणं, कायमचा उपाय होस्ट ७.० यू३केवर नेणं. मशीन एकदा उठलं म्हणून लगेच चेंज तिकीट (या कामाची नोंद) बंद करू नये, ते यासाठी.

अर्धवट बसलेला पॅच काढायचा असेल तर रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमध्ये (विंडोजच्या दुरुस्ती मोडमध्ये) बूट करून डिस्म या कमांडला 'रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स' सांगा. तिथे विंडोजचा ड्राइव्ह सीच असेल असं नाही, कित्येकदा डी असतो. आधी डिस्कपार्ट या कमांडमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' करून खात्री करा.

लिनक्सची गोष्ट वेगळी. स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' आणि दीड मिनिटाची उलटी मोजणी दिसली तर ती संपू द्या. एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) असेल आणि नेटवर्क तिच्या आधीच बंद झालं तर बराच वेळ जातो. कर्नल पॅनिकमध्ये (लिनक्सचा गाभा असलेला कर्नल चूक दाखवून थांबतो तेव्हा) रूट फाइल सिस्टिम सापडत नाही असं आलं तर ग्रब या बूट मेनूमधून जुना कर्नल निवडा आणि आत जाऊन बूट पार्टिशन किती भरलंय ते बघा. बहुतेकदा जागा संपल्यामुळे इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट बनलेली असते. एखादा जुना कर्नल काढा, ड्राकट या कमांडने ती पुन्हा बनवा, मग रीबूट.

सगळं उठल्यावर विंडोजचा इव्हेंट लॉग बघा. १०७४ म्हणजे रीबूट कोणी सांगितला त्याची नोंद, ६००८ म्हणजे मशीन अनपेक्षितपणे बंद पडलं. दोन्ही वेळांसकट तिकिटात लिहा, कन्सोलचा स्क्रीनशॉट जोडा. स्नॅपशॉट ७२ तासांच्या आत काढायचा आहे. तो कोण काढणार त्याचं नाव त्याच तिकिटात टाकून मग शिफ्ट सोडा.