ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू भरावी?

काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीत घालायची नाही, चिमूटभरही नाही. बाराबोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू नळीत ओतली की दाब क्षणात इतका चढतो की काळ्या दारूच्या बेतानं घडवलेली नळी निपलापाशी, म्हणजे पेटवणारी टोपी जिथे बसते तिथे फाटते, आणि नेमका तिथेच हात आणि चेहरा असतो. फटाक्यांची आणि सुरुंगाची दारूही बाद. फटाक्याच्या मिश्रणात क्लोरेट असलं तर गजानं, म्हणजे ठासायच्या सळीनं ठासतानाच पेट घेऊ शकतं.

मग उरतात दोन : जुनी काळी दारू, आणि पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न 209 यांसारख्या अमेरिकी पर्यायी दारू. निवड किमतीवर करू नका, घोड्याखाली काय आहे ते बघा.

चकमकीची बंदूक असेल तर काळीच. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीची ठिणगी तिला पुरत नाही. कानात, म्हणजे नळीबाहेरच्या दारूच्या वाटीत, फक्कन पेटतं आणि आतला बार तसाच राहतो. टोपीच्या, म्हणजे निपलावरच्या टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या बंदुकीत पायरोडेक्स चालते, पण टोपी ताजी आणि जोरकस हवी, निपलाचं भोक मोकळं हवं. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांत टोपीची आग वळण घेऊन नळीत शिरते. पावसाळी हवेत तिथे काळी दारूच भरवशाची. ब्लॅकहॉर्न तर 209 प्रायमरच्या (जोरकस टोपीच्या) नव्या इनलाइन बंदुकांसाठीच, म्हणजे जिथे आग सरळ मागून नळीत जाते त्यांच्यासाठीच आहे, ती जुन्या बंदुकीत घालण्यात अर्थ नाही.

दाणाही पारखून घ्या. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. दोन एफ (एफएफजी) मोठ्या नळीला, म्हणजे छर्ऱ्याच्या बाराबोअरला. तीन एफ बारीक असते, भरभर जळते. ती लहान नळीला. चार एफ फक्त चकमकीच्या कानात, नळीत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा मापात होतो. काळ्या दारूचं ग्रेनमधलं (ग्रेन हे दारूच्या वजनाचं बारीक एकक) माप पर्यायी दारूला आकारमानानं लावायचं असतं, वजनानं नाही. पायरोडेक्स हलकी : काळ्या दारूचं 100 ग्रेनचं माप तिनं भरलं तर काट्यावर साधारण 70 ग्रेनच येते. म्हणजे काट्यावर 100 ग्रेन पायरोडेक्स तोलून भरणारा नळीत जवळजवळ दीडपट बार कोंबतो. ट्रिपल सेव्हन आणखी तेज. तिचं माप आकारमानानंही 15 टक्के कमी घ्यायचं. किती बार सोसेल हे नळीवर अवलंबून. बनवणाऱ्यानं दिलेल्या कमाल मापापुढे जाऊ नका, आणि आकडाच माहीत नसेल तर जाणत्या बंदूक कारागिराकडून नळी तपासून घ्या.

डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. आधीच्या बाराचा निखारा आत असला तर सगळा डबा हातात पेटेल. आधी मापात, मग नळीत. गोळी किंवा बोळा दारूला टेकेपर्यंत ठासा. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथे फुगते. रिकाम्या नळीत गज किती जातो आणि भरल्यावर किती, याच्या दोन खुणा गजावर करून ठेवा. बार फुसका गेला तर नळी मोकळ्या दिशेला धरून पुरता एक मिनिट थांबा.

"पर्यायी दारूनं बंदूक गंजत नाही" हे ऐकीव आहे. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन काजळीच्या रूपात मागे राहतो आणि ती हवेतलं पाणी ओढते. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं. त्याचा क्षार मिठासारखाच लोखंड खातो. जून ते सप्टेंबरच्या कोकणी हवेत दोन्हीपैकी कुठलीही वापरा, त्याच संध्याकाळी नळी धुवायलाच हवी. निपल काढा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून चिंध्या फिरवा, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग साधं पाणी, मग कोरड्या चिंध्या, शेवटी शिलाई मशीनचं तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर परत धुवा. खोबरेल बोळ्याला लावायला ठीक, पण महिनोन्‌महिने नळीत ठेवलं तर चिकटून बसतं. ब्लॅकहॉर्नला मात्र पाण्याऐवजी बंदुकीचं सॉल्व्हंट लागतं.

दारू मूळ डब्यातच, झाकण घट्ट, टोप्यांपासून वेगळी आणि कुलपात. कोरडी राहावी म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. भिजलेली दारू वाळवून वापरू नका : काळ्या दारूतला सोरा पाण्याबरोबर निघून गेलेला असतो, दाणे फुटलेले असतात. ती भरपूर पाण्यात कालवून निकामी करा. घरी दारू बनवणं तर बिनपरवाना गुन्हाच. खरेदी परवान्याच्या दुकानातूनच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी धुऊन, जाड तेल लावून द्या. काजळीसकट दिलेली नळी परत येते ती आतून खड्डे पडूनच. आणि नेण्यापूर्वी गज आत सोडून रिकाम्या नळीची खूण जुळते का, ते बघा.