पॉइंटवाल्या बुलेटचं टायमिंग घरी कसं लावावं

'टायमिंग कानाने लावतो' म्हणणाऱ्याच्या हातात पॉइंटची बुलेट देऊ नका. पॉइंट म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी पाडणारा खटका, आणि टायमिंग म्हणजे ती ठिणगी पडायची नेमकी वेळ. दारात आयडलिंग छान धकधकतंय म्हणून पुण्याजवळच्या दिवेघाटात इंजिन खडखडणार नाही, असं काही नसतं. दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'गॅपमध्ये हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घाल'. ते पातं ०.६ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं आणि पॉइंट उघडल्यावरचा गॅप हवा ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. झालं तिथेच वाटोळं.

पुढचं सगळं चार गिअरच्या कास्ट आयर्न ३५० साठी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीला यातलं काही लागू नाही.

सामान फार लागत नाही: फीलर गेज (गॅप मोजायची ठरावीक जाडीची पाती), दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब (गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ चाच), खडू, शिंप्याची टेप आणि विणकामाची प्लॅस्टिकची सुई. गेज पुण्याच्या बोहरी आळीतून नवं घ्या. जुन्या बाजारातल्या गंजक्या पात्यांवर छापलेला आकडा खरा राहिलेला नसतो. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटची तोंडं जळू नयेत म्हणून असतो तो) नाना पेठेत मिळतात.

आधी गॅप, मगच टायमिंग. हा क्रम उलटा केला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंट पूर्ण उघडे असताना ०.३५ चं पातं अलगद सरकलं पाहिजे आणि ०.४० चं किंचित अडलं पाहिजे. पॉइंटवर तेलाचा ओशटपणा राहू देऊ नका, पेट्रोलने पुसून घ्या. तोंडं खड्ड्याखड्ड्यांची झाली असतील तर घासत बसू नका, सरळ बदला.

मग कॅम (पॉइंट उघडणारा मधला फिरता उंचवटा) बोटांनी पिळून सोडा. तो एकाच दिशेने थोडा फिरतो आणि स्प्रिंगने टपकन मागे यायला हवा. रेंगाळत आला तर खालच्या ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या) वजनांना तेलाचा थेंब द्या. स्प्रिंगा सैलावल्या असतील तर त्या आधी बदला. आपण टायमिंग लावतो ते कॅम पूर्ण मागे असतानाचं. तो अर्धवट अडकलेला असेल तर पुढचं सगळं मोजमाप पाण्यात. कॅम ज्या दिशेला पिळला गेला तीच त्याची फिरण्याची दिशा, ती लक्षात ठेवा.

आता खरी गोम. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ०.८ मिलिमीटरवर असताना पॉइंट उघडायला हवेत. प्लगच्या भोकात सायकलची तार घालून 'आला वर' म्हणणारे इथेच फसतात. टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. क्रँक (पिस्टन खालीवर करणारा फिरता दांडा) ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो. डोळ्याला ते कळत नाही. शिवाय प्लगचं भोक तिरकं, त्यामुळे तारेवरचे ०.८ म्हणजे पिस्टनचे ०.८ नव्हेत. म्हणून मिलिमीटर सोडा आणि अंश धरा. ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात ०.८ म्हणजे साधारण साडेनऊ अंश, आणि ते मागच्या टायरवर मोजता येतात.

गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, टॉप गिअर. चेनगार्डला तार बांधून तिचं टोक टायरजवळ आणा, हा काटा. चाक फक्त पुढच्याच दिशेने फिरवा. प्लगच्या भोकावरचा अंगठा हवेने उचलला गेला की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू. सुई आत टेकवा आणि पिस्टन टोकापासून सेंटिमीटरभर खाली असताना सुईवर भोकाच्या कडेशी खूण करा. त्याच क्षणी काट्यासमोर टायरवर पहिली खडूची रेघ. चाक पुढे नेत राहा. सुई वर येईल, थांबल्यासारखी होईल, उतरू लागेल. तीच खूण पुन्हा कडेशी आली की दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं वरचं टोक.

मध्येच चाक मागे घेतलंत तर चेन आणि गिअरचा सगळा ढिलेपणा मोजमापात शिरतो. रेघ चुकली तर वीतभर मागे जाऊन पुन्हा पुढे या. सुई तिरकी दाबू नका, वळून अडकते.

पुढच्या कॉम्प्रेशनला हेच करून दुसरा टीडीसी काढा. दोन्ही टीडीसींमधलं टायरवरचं अंतर म्हणजे क्रँकचे ७२० अंश. ते पाऊण मीटरच्या आसपास येतं, पण आपल्या गाडीचं आपण मोजावं, कारण टायर आणि स्प्रॉकेटप्रमाणे ते बदलतं. समजा ७६ सेंटिमीटर आलं, तर ७६ भागिले ७२० गुणिले ९.५, म्हणजे १ सेंटिमीटर. टीडीसीच्या रेघेपासून पहिल्या रेघेच्या बाजूला तेवढं अंतर सोडून ठळक रेघ मारा. हीच स्पार्कची जागा.

बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करून चाक पुढे आणा. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो आणि हेडलाइटवरच्या ॲमीटरचा काटा डिस्चार्जवरून मध्यावर उडी मारतो. हे ठळक रेघेवर व्हायला हवं. रेघेच्या आधीच झालं तर टायमिंग पुढे आहे: दोन स्क्रू सैल करून प्लेट कॅमच्या फिरण्याच्या दिशेने सरकवा. उशिरा झालं तर उलट. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे प्लेटचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. हात हलका ठेवा. स्क्रू आवळताना प्लेट हमखास हलते, तेव्हा आवळल्यावर पुन्हा तपासा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

प्लेटची खाच संपली आणि तरी जुळत नसेल, तर पॉइंटची हील (कॅमवर घासणारा भाग) झिजलेली आहे किंवा टायमिंग गिअरचा दात चुकलेला आहे.

मग कात्रजचा जुना घाट. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर चढवा. टिणटिण आवाज आला किंवा किक उलटी मारत असेल, तर टायमिंग अंश-दोन अंश मागे घ्या. उलट्या किकने घोटा मोडतो. चढावर दम नाही आणि सायलेन्सरचा पाइप निळा पडतोय, तर टायमिंग मागे पडलं आहे. आवाज जायला महाग पेट्रोल भरू नका. ६.५ ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते लागत नाही. टायमिंग बरोबर असूनही खडखडत असेल तर हेड उघडून कार्बन काढा.

नवे पॉइंट घातले असतील तर हील बसत जाते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. चारपाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा बघा आणि कॅमला ग्रीसचं नुसतं बोट लावा. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटवर बसतं.